मोती की गुग्गुळ

गुदैबिया, मनामा
रविवार, १९ जानेवारी २०२५

ओगले काका,

वर नमस्कार लिहायचा राहिलेला नाही, मुद्दाम लिहिलेला नाही. शुक्रवारी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात मी तुम्हाला वाकून नमस्कार केला होता. त्यानंतर तासाभराने तुम्ही माईकवरून म्हणालात, "कॉलेज अर्धवट सोडलेल्यांनी आधी ते पुरं करावं, मग प्रश्न विचारावेत." दोनशे माणसं हसली. पहिल्या रांगेत तुमची मुलगी स्पृहा बसली होती. ती हसली नाही, पण तिने मागे वळून माझ्याकडे बघितलंही नाही. स्टेजवरून उतरताना तुम्ही म्हणालात, काय असेल ते लेखी द्या. घ्या लेखी. तुमच्या अमवाजच्या बिल्डिंगच्या सिक्युरिटीकडे ठेवतोय, कारण फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलंय.

मी काय विचारणार होतो ते तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. तुमच्या भाषणाचं नाव 'हवीला सापडला'. ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्रात, जगाच्या सुरुवातीच्या गोष्टीत, हवीला नावाचा देश येतो. पीशोन नावाची नदी त्याला वळसा घालते. तिथे सोनं मिळतं, मोती मिळतात आणि कसलासा मौल्यवान दगड मिळतो. तुम्ही म्हणालात, तो देश म्हणजे हे आपलं बहरीन. मोती म्हणजे मुहर्रकचे मोती. नदी दिसत नाही, कारण ती सौदीकडून जमिनीखालून येते आणि समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होऊन फुटते. वा! पाण्याच्या प्लँटवर सव्वीस वर्षं काढली की माणसाला सगळीकडे पाइपलाइनच दिसणार. आणि सोनं? ते सूकबाजारातल्या शोरूममधलं धरायचं का?

पण ते जाऊ दे. मुद्दा मोत्यांचा आहे. तुम्ही मराठी भाषांतर वाचलंत, त्यात 'मोती' आहे. जुनं इंग्रजी भाषांतर उघडून बघा. तिथे शब्द आहे 'डेलियम'. मूळ हिब्रूत 'बदोलाह'. हा शब्द मला कसा माहीत? ज्या आयुर्वेद कॉलेजातून मी तिसऱ्या वर्षाला बाहेर पडलो, तिथे दुसऱ्या वर्षाला द्रव्यगुण शिकवतात. त्यात 'इंडियन डेलियम' म्हणजे गुग्गुळ. झाडाचा डिंक. सांधे धरले की ज्याच्या गोळ्या घेतात, तो. तुमच्या देवघरात धुपात जळतो, तो. तुमचा अख्खा हवीला त्या एका शब्दावर उभा आहे आणि तो शब्द मोती नाहीच.

स्पृहावर माझं प्रेम आहे. हे पण लेखीच घ्या.

परीक्षित खानविलकर

·

अमवाज
२३ जानेवारी २०२५

श्री. परीक्षित खानविलकर यांस,

आपलं पत्र सिक्युरिटीने दिलं. त्यात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. शिवाय 'मौल्यवान' असा शब्द नाही, तो 'मूल्यवान' असा आहे. दुसऱ्याच्या शब्दावर बोट ठेवण्याआधी आपले तपासून घ्यावेत.

'डेलियम' मला ठाऊक नाही असं आपण कशावरून धरलंत? माझ्या टेबलावर इंग्रजी भाषांतरं चार आहेत. या शब्दाचा अर्थ काय, यावर हजार वर्षं वाद आहे. जुन्या यहुदी पंडितांपैकी काहींनी त्याचा अर्थ मोती असाच केलेला आहे. त्यांनी कॉलेज पुरं केलं होतं असं मी समजतो.

आता पुरावा देतो. हाच 'बदोलाह' शब्द त्या शास्त्रात आणखी एकदा येतो. वाळवंटात उपाशी लोकांसाठी आकाशातून जे अन्न पडलं, ते दिसायला बदोलाहसारखं होतं, असं तिथे म्हटलं आहे. आणि ते अन्न पांढरं होतं असंही दुसरीकडे म्हटलं आहे. आपण गुग्गुळ पाहिला असेल तर तो काळपट, चिकट आणि मातकट असतो हे जाणत असाल. देवाने पाठवलेल्या अन्नाला कुणी शहाणा माणूस गुग्गुळाची उपमा देईल का? मोत्याची देईल.

पुस्तिका पुण्याला छापखान्यात गेली आहे. पाडव्याला मंडळात प्रकाशन आहे. त्या वेळी पुण्याहून आमचे एक स्नेही, त्यांच्या पत्नी आणि त्यांचा मुलगा चिराग येणार आहेत. चिराग बँकेत आहे. त्याने शिक्षण पूर्ण केलं आहे.

माझी मुलगी हा हवीलाच्या चर्चेतला मुद्दा नाही. झल्लाकच्या रिसॉर्टमध्ये पर्यटकांच्या पाठीला तेल चोळणाऱ्या माणसाने तो चर्चेत आणू नये.

चंद्रशेखर ओगले

·

गुदैबिया
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ओगले काका,

हो, तेल चोळतो. निदान कुठलं तेल कशाचं आहे ते मला माहीत असतं.

तुमचं पत्र खिशात घालून मी सूकात फारुखच्या दुकानात गेलो. फारुख राजापूरचा. आजोबांपासून इथे मसाले, धूप, जडीबुटी विकतात. मी त्याला विचारलं, तुझ्याकडे गुग्गुळ आहे का? त्याने वरची बरणी काढली. बरणीवर अरबीत लिहिलेलं होतं. म्हटलं वाच. म्हणाला, "मुक्ल. अरब लोक गुग्गुळाला मुक्ल बोलतात." मी म्हटलं, आमच्याकडे एक इंजिनियर आहेत, ते ह्याला मोती म्हणतात. फारुख इतका हसला की गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "ह्याला मोती कोण बोलला रे? नाकाला लाव आणि मंग बोल! मोत्याला कधी वास आसतो काय?"

आता पुढचं ऐका. हिब्रूच्या शेजारची, इराककडची जी जुनी भाषा मातीच्या विटांवर लिहिलेली सापडते, तिच्यात 'बुदुल्हु' असा शब्द आहे. बुदुल्हु आणि बदोलाह. ऐकायला तुम्हालाही जमेल. त्याचा अर्थ तिथे काय? डिंक. सुवासिक डिंक. मोती नाही, शिंपला नाही, मुहर्रक नाही. हे मी इंटरनेटवरून उचललेलं नाही. रिसॉर्टमध्ये मसाजला एक जर्मन बाई येतात, त्या असल्या विटा वाचायला शिकवतात. त्यांनी मला पानांचे फोटो दिले. सोबत जोडलेत. त्यांच्या पाठीवर तेल चोळता चोळता मिळालेलं ज्ञान आहे, विटाळ नको म्हणून हातमोजे घालून वाचा.

तुमच्याकडे एक आठवडा आहे. रविवारपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः लिहा की चूक झाली. नाही लिहिलंत तर मी लिहीन. तीनशे चाळीस माणसं आहेत ग्रुपवर. चिरागचे आईबाप पण पाहुणे म्हणून घेतलेत म्हणे. त्यांनाही कळू दे, सासरेबुवा धुपाला मोती समजतात.

परीक्षित खानविलकर

·

अमवाज
५ फेब्रुवारी

परीक्षित,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मेसेजला तू दहा मेसेज करतोस. म्हणून कागद. मी शाळेत मराठी शिकले नाही, बाबांनी शिकवलं तेवढं येतं. चुका मोजू नको, ते करायला घरात एक माणूस आहे.

बाबांनी तुझा दुसरा पत्र चार वेळा वाचला. ते फोटो पण वाचले, भिंग घेऊन. मग काही बोलले, ते तुला नंतर सांगेन.

आता ऐक. ग्रुपवर काही टाकू नको. प्लीज. तू बरोबर असशील. बरोबर असलास तरी टाकू नको. मार्च होऊ दे. मार्च झाला की तुला बाबांशी काय भांडायचं ते भांड, मी मध्ये येणार नाही. कारण विचारू नको. बाबांनी ते मला सांगितलेलं नाही, आईला पण नाही. मी त्यांच्या टेबलावर एक कागद बघितला, म्हणून मला माहीत आहे.

फक्त मार्च. एवढं करशील?

स्पृहा

·

गुदैबिया
शुक्रवार, ७ फेब्रुवारी

स्पृहा,

मार्च! मार्चमध्ये काय आहे हे मला तुझ्या बापाने स्वतःच लिहिलंय. पुण्याहून चिराग येतोय. आणि टेबलावरचा कागद कसला तेही मला कळतं, मी काय अगदीच ढ नाही. पत्रिका आहे ती. चिरागची पत्रिका. जुळली ना? किती गुण? आणि मी तोपर्यंत तोंड मिटून बसू, म्हणजे जावयासमोर सासऱ्याची पुस्तिका झोकात निघेल, हार पडतील, पेढे वाटले जातील, आणि मग मार्च झाल्यावर मी भांडू. कोणाशी भांडू? तुझ्या लग्नाच्या फोटोशी?

गणपतीत मोदकांच्या स्टॉलवर तू मला म्हणाली होतीस की तुझ्या घरात बाबांना 'तुमचं चुकलं' असं कधी कोणी म्हणालेलं नाही. म्हणाली होतीस ना, कोणीतरी म्हणायला पाहिजे? मी म्हणतोय. तर आता तूच माझं तोंड धरतेस.

रविवारपर्यंत थांबणार होतो. तुझं पत्र वाचलं आणि थांबवेना. आत्ता दुपारी सव्वादोनला ग्रुपवर टाकलंय. गुग्गुळाचा फोटो, मातीच्या विटेचा फोटो, तुझ्या बाबांच्या भाषणाचा फोटो, आणि खाली एकच ओळ: 'ओगले काकांचा हवीला देवघरात जळतो'. दहा मिनिटांत साठ जण हसले. परीक्षित खानविलकर कोण ते आता सगळ्यांना कळलं.

तुझं माझ्यावर प्रेम असेल तर तू आज फोन उचलशील.

परीक्षित

·

अमवाज
४ मार्च २०२५

परीक्षित,

चर्चा संपली असल्यामुळे तुला 'आपण' म्हणण्याचं कारण उरलेलं नाही.

तुझं बरोबर आहे. बदोलाह म्हणजे मोती नव्हे.

हे तुझ्या ग्रुपवरच्या तमाशामुळे लिहीत नाही. त्यानंतर लिफ्टमध्ये मुलं मला 'गुग्गुळ काका' म्हणतात आणि त्यांचे आईबाप त्यांना गप्प करताना स्वतः हसतात. त्याने माणसाचा अपमान होतो, सिद्धांत चुकत नाही. सिद्धांत चुकला तो मी फारुखच्या दुकानात गेलो तेव्हा. माझा अन्नाचा मुद्दा तुला खोडता आला नव्हता हे तुझ्या लक्षात तरी आलं होतं का? तू त्याला हातच लावला नाहीस. तो मुद्दा भक्कम होता. मी दुकानदाराला म्हटलं, तुझ्याकडचा सर्वांत ताजा, न मळलेला दाणा दाखव. त्याने आतून एक पुडी आणली. दाणा फिकट होता, मेणासारखा, वाटाण्याएवढा. मी तो दाराशी नेऊन उन्हात धरला. काका, मोती दिसतोय, असं तो फारुखच म्हणाला. म्हणजे डिंकसुद्धा आकाशातल्या अन्नासारखा दिसू शकतो. माझा शेवटचा पुरावा माझ्याच हातात पडला. प्लँटवर प्रेशर चुकीचं दिसलं तर मी मीटरला शिव्या देत नसे, लाइन बंद करत असे. इथेही तेच केलं. पुस्तिका छापखान्यातून परत मागवली आहे.

आता तुझ्या माहितीसाठी. मी गेल्या वर्षी साठ पुरी केली. कंपनी मला एकेक वर्ष वाढवून देते. दर मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका कागदावर सही करायची असते. ती सही मी केवळ हवीलासाठी करणार होतो. अजून दोन वर्षं इथे राहून समुद्रातल्या झऱ्यांचा नकाशा पुरा करायचा होता. हेमाला, म्हणजे स्पृहाच्या आईला, कधीपासून पुण्याला जायचं आहे. काल तो कागद मी सही न करता परत पाठवला. महिनाअखेर व्हिसा रद्द होईल. स्पृहाचा व्हिसा माझ्या व्हिसावर आहे. तीही आमच्याबरोबर येईल. चिरागला आता इथे यायची गरज उरली नाही, तो तिथेच आहे.

विजयाबद्दल अभिनंदन.

चंद्रशेखर ओगले

·

गुदैबिया
बुधवार, ५ मार्च

ओगले काका,

हे काय चालवलंय तुम्ही? एका पोराने ग्रुपवर चार ओळी टाकल्या आणि तुम्ही देश सोडून निघालात? एवढंच होतं तुमचं संशोधन? मी तर समजत होतो तुम्ही लढाल.

ऐका. मी परत वाचलं. मोती असू शकतात. तुम्हीच लिहिलं होतं ना, जुने यहुदी पंडित मोती म्हणतात? ते काय वेडे होते? त्यांची ती भाषा. आणि ती जर्मन बाई, तिला तरी काय माहीत? विटांवर एक शब्द आणि शास्त्रात एक शब्द, ऐकायला सारखे म्हणजे अर्थ सारखा कशावरून? मराठीत 'पाट' म्हणजे बसायचा पाट आणि पाण्याचा पाट. हे लिहा पुस्तिकेत. मी स्वतः ग्रुपवर लिहितो की माझी चूक झाली, खानविलकर मूर्ख आहे, हवीला म्हणजे बहरीनच. पाहिजे तर स्टेजवर येऊन म्हणतो. पाडव्याला प्रकाशन करा, सतरंज्या मी घालतो.

आज फारुखचा रोजा आहे तरी त्याला मी दुकानातून उठवून बाहेर काढलं आणि विचारलं, तू काकांना काय दाखवलंस? म्हणतो, "तूच तर त्यांना माझ्याकडं धाडलंस." सगळे माझ्यावरच.

त्या कागदावर सही करा. अजून दोन-तीन दिवस असतील. कंपनी सव्वीस वर्षांच्या माणसाला नाही म्हणणार नाही. तुम्ही हट्टी आहात म्हणून हे करताय, खरं म्हणून नाही. मला शिक्षा करायची तर मला करा, तिला कशाला उचलून नेताय?

तो कागद पत्रिका नव्हता हे मला आधी कोणी का सांगितलं नाही?

परीक्षित

·

अमवाज
८ मार्च २०२५

परीक्षित,

तुझं दोन फेब्रुवारीचं पत्र उद्धट होतं, पण खरं होतं. ते वाचून मी त्या दिवशी स्पृहाला म्हणालो होतो की मुलगा अर्धवट आहे, पण अभ्यास करतो. त्याला कुणी कॉलेजात परत बसवलं तर माणूस होईल. माझ्या घरात एखाद्याबद्दल याहून बरं बोललं जात नाही. पाडवा झाल्यावर तुला घरी बोलवायचं आणि समोरासमोर भांडायचं असं मी ठरवलं होतं.

पाच मार्चचं तुझं पत्र खोटं आहे. मोती नाहीत हे तुला माहीत असून तू मोती म्हणतोस, कारण आता मोती तुझ्या सोयीचे आहेत. मी चुकलो होतो, पण मी स्वतःला कधी मुद्दाम चुकवलं नाही. ज्या माणसाला गरजेप्रमाणे गुग्गुळाचे मोती करता येतात, त्याच्या हातात मी मुलगी देणार नाही.

यापुढे पत्र पाठवू नये. सिक्युरिटीला तसं सांगितलं आहे.

चं. ओगले

·

३ एप्रिल

परीक्षित,

बाबा आणि आई सोमवारी गेले. मी गेले नाही.

कसं ते सांगते, कारण तू फारुखला विचारत फिरतोयस असं त्याच्या बहिणीने, बिल्किसने सांगितलं. सात तारखेला, म्हणजे फेब्रुवारीत तू ग्रुपवर टाकलंस त्याच दिवशी मी ओळखलं की बाबा सही करणार नाहीत. त्यांना न सांगता मी अर्ज करायला लागले. लहान मुलांच्या एका नर्सरीने मला घेतलं. व्हिसा माझ्या नावावर झाला, सीपीआरचं नवीन ओळखपत्र मिळालं. त्यावर पहिल्यांदा बाबांची कंपनी नाही, माझी नोकरी लिहिली आहे. बाबांना दाखवलं तेव्हा त्यांनी ते भिंग घेऊन वाचलं. मग म्हणाले, फोटो चांगला नाही आला.

चिरागशी माझी काही पत्रिका जुळवलेली नव्हती. बाबांनी तुला चिडवायला लिहिलं होतं. त्याचं लग्न ठरलेलं आहे, मे महिन्यात. तू मला एकदा विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. तू मला काहीच विचारलं नाहीस. जानेवारीपासून तू बाबांना तीन पत्रं लिहिलीस, मला एक. त्या एकात पण बाबाच होते.

मोदकाच्या स्टॉलवर मी म्हणाले होते ते मला आठवतं. कोणीतरी बाबांना सांगायला पाहिजे. पण मी बाबांबद्दल बोलत होते, तू जिंकण्याबद्दल ऐकलंस.

बाबांना हवीला सापडला असता तरी तो हाच देश होता. नसता सापडला तरी हाच. मी इथे जन्मले. मला विचारलं असतं तर कुठे राहायचं ते मी तुम्हा दोघांना एक वाक्यात सांगितलं असतं. बाबांनी नकाशा काढला, तू विटा आणल्या.

मला तुझा राग आहे. तो जाईल की नाही माहीत नाही, आणि तू थांबावंस असं मी म्हणत नाही. मी तुला एकदा थांब म्हटलं होतं.

पत्राच्या वर पत्ता लिहायचा असतो. मी लिहिलेला नाही. बहरीन छोटं आहे, तुला दोन दिवसांत सापडेल. शोधू नकोस.

स्पृहा